उडवीखालची फुली

यंदा करड कापायला मी सड्यावर गेले तर माझ्याआधी तिथे कोणीतरी येऊन गेलं होतं. करड म्हणजे आमच्या सड्यावरचं गुरांचं गवत. दिवाळीला ते पिवळं पडतं आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत कापून संपवायचं असतं. त्यातून कोणी चाललं की वाट पडते, आणि ती वाट गुराची की माणसाची हे मला लांबून कळतं. गूर वाकडंतिकडं, खात खात जातं. ही वाट दोरी धरल्यासारखी सरळ होती. मी विळा खाली ठेवला आणि त्या वाटेनं गेले. टोकाला लोखंडाची खुंटी ठोकलेली, तिला लाल फीत. पुढे आणखी एक. तिच्यापुढे आणखी.

खुंट्या मी उपटल्या नाहीत. हात शिवशिवला, पण आमच्या घरानं असलं काम एकदा केलेलं आहे.

सड्यावर बघायला काही नाही असं बाहेरच्यांना वाटतं. काळा कातळ, मधे मधे माती, मातीत करड. पश्चिमेला मालवणच्या बाजूची समुद्राची रेघ, पूर्वेला घाट. भाद्रपदात कातळावर फुलं येतात, निळी, पिवळी, बोटाच्या पेराएवढी. हल्ली ती बघायला लोक गाड्या घेऊन येतात आणि पालथे पडून फोटो काढतात. कातळावर पालथा पडलेला पहिला माणूस मी बघितला तो खाणीवाला होता, त्यामुळे मला यांचाही भरवसा वाटत नाही. सड्याच्या मधोमध ती खाण आहे. आता तिथे कोणी नसतं. हिरव्या पाण्यानं भरलेला खड्डा, कडेला लाल मातीचे ढीग, ढिगांवर आकेशियाची झाडं. आमची एक म्हैस त्या खड्ड्यात गेली. पाणी किती खोल आहे हे तेव्हा कळलं नाही आणि अजून कोणाला माहीत नाही.

खाणीच्या खालच्या अंगाला उतारावर आमची झर आहे. कातळाच्या फटीतून मनगटाएवढं पाणी येतं, मे महिन्यातही येतं. खालची सगळी वाडी ते पिते, त्याच्यावर उन्हाळ्यातलं वायंगणी भात होतं, पोफळी जगतात. नळ आले तेही त्याच पाण्याचे, पण प्यायचं पाणी भरायला सगळे अजून झरीवरच येतात.

खुंट्या बघून आले त्या संध्याकाळी पुतण्या आला. प्रकाश माझ्या दिराचा मुलगा. माझ्याकडे तो गणपतीला आणि कामाला येतो, आणि गणपती होऊन गेले होते. हातात माझ्यासाठी नवी छत्री. कंपनीनं सगळ्या घरांना दिली म्हणाला. कार्तिकात छत्री! पाऊस संपल्यावर छत्री वाटणारा माणूस पुढच्या पावसात कुठे असणार, असं मी विचारलं, तर तो हसला. मग हळूहळू बोलला. जुनी खाण परत चालू होणार. लोखंडाचा दगड अजून खाली भरपूर आहे म्हणे. त्याला डंपर लावायचा होता. झरीचं काय, विचारलं. तेव्हा तो पायाचा अंगठा खरवडत बसला.

"काकी, झर जुन्या हद्दीत आसा," तो म्हणाला. "ती हद्द गावानच दाखवलेली. आता कोणाचा काय चलाचा नाय. तू ह्यात पडा नको."

यात पडण्याचं माझं वय नाही हे त्याला ठाऊक होतं. मी यात आधीच पडलेली आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

करडाचं पातं कडेनं धारदार असतं. चौथीत असताना माझ्या बोटांवर इतके काप असायचे की पाटीवर पेन्सिल धरवत नसे. आई खोबरेल लावून चिंध्या बांधायची आणि परत कापायला बसवायची. आम्ही दोघीच होतो. बाप मुंबईत गिरणीत होता आणि तिथेच मेला, त्याचं तोंड मला नीट आठवत नाही. आई आधी काठीनं गवत झोडपायची, आत फुरसं असलं तर निघून जावं म्हणून. मग दोघी उकिडव्या, ओळीनं. खर्र खर्र आवाज, नाकात गवताचा गोड वास, पाठीवर ऊन. दुपारी पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा. शेजारच्या पट्ट्यात गुलाब आणि तिचा बाप भिकूतात्या. गुलाब माझ्या वर्गात, माझ्या बाकावर. मधल्या बांधावर बसून आम्ही चौघं जेवायचो. बांगडा आमचा, लोणचं त्यांचं.

त्या वर्षी गवत कापायच्या आधी सड्यावर मोजणीची माणसं आली होती. त्यांनी जागोजाग चिरे ठेवले, जांभ्या दगडाचे, चुना फासून पांढरे केलेले. भिकूतात्या त्यांच्याकडे मजुरीला होता. साखळी ओढायची, दगड ठेवायचे, आणि दगड ठेवण्याआधी खाली कातळावर छिन्नीनं फुली मारायची. कशाची मोजणी, हे त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्या गावात जे सांगितलं जात नाही ते लोक आपल्या मनानं पुरं करतात. कुळकायद्याचं बोलणं तेव्हा घरोघर चालू होतं. कोणीतरी म्हणालं, पांढऱ्या दगडांच्या आत ज्याचं गवत त्याच्या नावावर जमीन चढणार, बाहेरचं सगळं सरकारजमा. कोण म्हणालं, ते मी पुढे पुष्कळ शोधलं. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं.

आमच्या पट्ट्यात दगड झरीच्या वरच्या अंगाला आला होता. म्हणजे आमचं अर्धं गवत आत, अर्धं बाहेर, आणि झर बाहेर. आई दोन दिवस त्या दगडाकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे पेजेला बसले असताना, ती म्हणाली, चल. रात्री गेलो असतो तर कोणी बघून संशय घेतला असता. दुपारी गवताचा भारा घेऊन जाणाऱ्या बाईकडे कोण बघतो? आम्ही तो चिरा भाऱ्याच्या पोटात घातला, वरून करड लपेटलं, दोर आवळला. मी खालून रेटा दिला, तिनं डोक्यावर घेतला. तिची मान थरथरत होती. झरीच्या पलीकडे, चाळीस पावलं खाली, तिनं भारा टाकला आणि दगड उभा केला. चुना जरा खरवडला होता तिथे थुंकी लावून बोटानं सारखा केला.

परत येऊन बघते तर मूळ जागी ती फुली. दोन रेघा, वीतभर, आत चुना भरलेला. कातळ काही उचलून नेता येत नाही. आईनं आजूबाजूचे दगड गोळा केले, फुलीवर ओटा रचला आणि त्यावर उडवी घातली. उडवी म्हणजे पेंढ्यांचा ढीग, वाळवी आणि ओल लागू नये म्हणून बुडाला दगड लागतातच. कोणाला काही वेगळं वाटलं नाही. आमची उडवी त्या वर्षापासून तिथेच. पावसाळ्यात गवत संपतं, ओटा राहतो. माझं लग्न गावातच खालच्या वाडीत झालं, आई गेली, गवत माझ्याकडे आलं. मीही तिथेच घालत आले.

मोजणीची माणसं फाल्गुनात परत आली. या वेळी दगडापासून दगडापर्यंत साखळी ओढली आणि कागदावर उतरवली. साखळीचं एक टोक भिकूतात्याच्या हातात होतं. आई उडवीशी उभी राहून बघत होती, मी तिच्या मागे. तो झरीपलीकडच्या दगडाशी थांबला. खाली बघितलं. मग आमच्या उडवीकडे बघितलं. आणि साखळी दगडाला लावली.

पुढच्या वर्षी कळलं, दगडांच्या आत ते खाण.

तेव्हाचं मला लाल रंगच आठवतो. बायकांच्या डोक्यावर दगडाच्या पाट्या, लाल. कामावरून येणाऱ्यांची तोंडं लाल, शिंकलं तर लाल. ट्रक बंदराकडे जायचे आणि रस्त्याकडेच्या काजूंची पानं लाल व्हायची. खड्डा झरीच्या रोखानं सरकत होता. पावसात झरीचं पाणी लाल आलं. भात शिजवलं तर तेही तांबूस, आणि दाताखाली कचकच. पोफळी वरून वाळायला लागल्या. तेव्हा कुठे गावाच्या लक्षात आलं की झर हद्दीच्या आत आहे, आणि मोजणीत गावचा माणूस एकच होता.

भिकूतात्यानं झर विकली, असं ठरलं. तो नाही म्हणाला. दुसरं काही बोलला नाही.

दसऱ्याला देवळात गाऱ्हाणं झालं. गाव सगळा उभा, गावकार देवापुढे मोठ्यानं बोलतो आणि प्रत्येक वाक्याला लोक होकार देतात. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली, आणि मग गावकार म्हणाला, "बा देवा म्हाराजा, जेणा कोणी झर खाणीत घातली, तेचो तू सोक्षमोक्ष कर रे म्हाराजा." आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." माझी आई माझ्या शेजारी उभी होती. तीही म्हणाली, व्हय म्हाराजा. माझा हात तिच्या हातात होता, तो घामानं निसटायला लागला तशी तिनं तो आणखी घट्ट धरला.

त्यानंतर मी घरात कोण आधी मरतं याची वाट बघत होते. सकाळी उठले की आईची छाती हलते का बघायचे. वर्ष गेलं, कोणी मेलं नाही. आई ऐंशीची होऊन झोपेत गेली. तेव्हापासून माझा देवावरही पुरता विश्वास नाही. त्याला तरी सगळं माहीत होतं की.

भिकूतात्याला दसऱ्याला तरंग, म्हणजे देवाची सजवलेली काठी, धरायचा मान होता, तो काढून घेतला. त्याच्या घरी हळदीकुंकवाला कोणी जाईना. आईनं मला बजावलं, गुलाबशी बोलायचं नाही. बोललीस तर कधीतरी तोंडातून जाईल. मी वर्गात दुसऱ्या बाकावर बसले. गुलाबला आसपासच्या एकाही गावातून स्थळ आलं नाही, आणि त्यांना लांब जायची ऐपत नव्हती. ती तशीच राहिली. बाप गेल्यावर एकटी राहिली. खाण पाचसहा वर्षांत बंद पडली, दगड हलका निघाला म्हणे. खड्डा झरीपासून हाकेच्या अंतरावर थांबला. पाणी हळूहळू निवळलं. माणसं निवळली नाहीत.

गुलाब आणि मी साठाहून जास्त कार्तिक शेजारी शेजारी गवत कापलं. मधल्या बांधावरचं गवत कधी ती कापायची, कधी मी. शब्द नाही. मला वाटायचं, ती माझ्या उडवीकडे बघते. मी वळून बघितलं की ती गवताकडे बघत असायची. पुढे आमच्या दोघींशिवाय सड्यावर कोणी येईनासं झालं, लोकांनी गुरं विकली, पिशवीतलं दूध घेतलं. दोन म्हाताऱ्या, दोन विळे. एकदा माझ्या पट्ट्यात फुरसं निघालं तर तिनं नुसता दगड फेकून मला दाखवलं. मी त्याचाही अर्थ लावत बसले. मला वाचवलं की तिकडे जाऊ नको म्हणून सांगितलं? सड्याच्या त्या कोपऱ्यात असं काय आहे?

गेल्या महिन्यात शाळेत सभा झाली. कंपनीचा, पांढऱ्या बुटांचा एक साहेब होता. सड्यावरून येऊन बूट पांढरे राहतात तो माणूस सड्यावर गेलेला नसतो. त्याच्याबरोबर मोजणीवाली एक पोरगी, तिचे पाय मात्र गुडघ्यापर्यंत लाल. लोक झरीवरून बोलले, ओरडले. साहेब शांतपणे म्हणाला, जुन्या नकाशात झर आत आहे, हद्दीचे दगड तुमच्या गावानं दाखवले, तेव्हा कोणाची हरकत नव्हती. मग ती पोरगी म्हणाली की जुन्या मोजणीत दगडाखाली कातळावर खूण करायची पद्धत होती. बाकी सगळ्या खुणा तिला सापडल्या. झरीपाशी दगड आहे, खाली खूण नाही. "मूळ खूण दुसरीकडे असेल तर हद्द परत तपासावी लागेल," ती म्हणाली. "जुन्या माणसांपैकी कोणाला माहीत आहे का?"

मी माझ्या चपलांकडे बघत होते. मान वर केली तर समोरच्या बाकावरून गुलाब माझ्याकडे बघत होती. या वेळी तिनं नजर वळवली नाही.

मला पहिला संशय पोरीचाच आला. खूण दाखवली आणि त्यांनीच ती फोडून टाकली तर? दुसरा आला तो माझ्या स्वतःच्या गप्प बसण्याचा. आईचं नाव जाईल म्हणून मी गप्प आहे, असं मी मनाशी म्हणत होते. पण आईला जाऊन तीस वर्षं झाली. नाव माझंच जाणार होतं. जी बाई एवढी वर्षं दुसऱ्यांची नियत तपासत बसली तिला लोक तोंडावर काय म्हणतील, याची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाब बांधापलीकडे कापत होती. मी बांध ओलांडला. सरळ सांगितलं, तो धोंडा माझ्या आवशीनं हलवला, मी रेटा दिला, खूण माझ्या उडवीखाली आहे.

तिनं हातातली मूठ पुरी कापली, खाली ठेवली. म्हणाली, "म्हायत आसा."

"कधीपासून?"

"बाबान त्याच दिसा वळखलेल्यान. फुली तेनाच मारलेली मा."

मग तो गप्प का राहिला, मी विचारलं. माझ्या आईची दया आली म्हणून? मला असल्या चांगुलपणावर विश्वास बसत नाही, तेही सांगितलं. गुलाब म्हणाली, तिचाही बसत नाही. साखळी लावताना बोलला असता तर मजुरी गेली असती. नंतर बोलला असता तर आधी का बोलला नाहीस, असं विचारलं असतं. "भियालो आसतलो," ती म्हणाली. "तो माका, चेडवाक, काय सगळा सांगतलो?"

"आणि तू? तू कित्याक बोलाक नाय?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की प्रश्न विचारल्याची मला लाज वाटली. "भिकूच्या चेडवाचा आयकतलो कोण गो, शेवंते?"

साठ वर्षांनी माझं नाव तिच्या तोंडून आलं. मी रडले वगैरे नाही. उडवी उतरवायला सुरुवात केली. यंदाची अर्धीच झाली होती. गुलाब खालून पेंढ्या घेत गेली. मग ओट्याचे दगड. दोन विंचू निघाले, ते तिनं विळ्यानं बाजूला केले. खाली माती साचली होती. गुलाबनं ती पदरानं पुसली, मग झरीचं पाणी आणून ओतलं. फुली जशीच्या तशी होती. एक रेघ सरळ, दुसरी शेवटाला जरा डावीकडे ओढलेली. गुलाब खाली बसली आणि त्या ओढलेल्या टोकावरून बोट फिरवत राहिली. बाबा डावखुरा होता, एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी गावासमोर सगळं सांगितलं. देवळात नाही, झरीवर, पाणी भरायच्या वेळेला, जिथे सगळ्यांना यावंच लागतं. दगड कोणी हलवला, का हलवला, आणि गाऱ्हाण्यात व्हय कोण म्हणालं. एक दोघी माझी कळशी टाळून पाणी भरून गेल्या. एकीनं आईचा उद्धार केला. प्रकाशनं घरी येऊन छत्री परत नेली. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

पोरगी आली, यंत्र लावलं, फोटो काढले. साहेबही आला, आज त्याच्या बुटांना माती होती. अर्धा गाव मागून आला होता. साहेबानं फुली बघितली, मग आम्हा दोघींकडे बघितलं. खुंट्या लागल्यावर बरी सापडली खूण, म्हणाला. कातळावर दोन रेघा मारायला किती वेळ लागतो. गावानं मिळून परवा कोरली नसेल कशावरून?

जन्मभर मी ज्या नजरेनं लोकांकडे बघितलं त्याच नजरेनं तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

गुलाब पुढे झाली. तिचा आवाज गावानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"साहेब, आमी दोघी साठ वर्सा एकमेकीवांगडा बोलाक नाय," ती म्हणाली. "कोणाकय इचारा. खोटा कोराक आमी एकत्र बसलंव कधी?"

साहेबानं मागे बघितलं. मग गावकाराचा मुलगा, जो आता स्वतः म्हातारा आहे आणि दसऱ्याचं गाऱ्हाणं आता तोच घालतो, खाली मान घालून म्हणाला, व्हय. त्याच्यामागून आणखी एक. मग बायका. खरं आहे, या दोघी बोलत नव्हत्या, आम्ही जन्मल्यापासून बघतोय.

पोरगी वहीत लिहायला लागली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि काय लिहिलंस ते दाखव म्हटलं. ती म्हणाली, आजी, सगळं बरोबर लिहिलंय. मी वही हातात घेतली. सहावीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. झर बाहेर, फुली वरच्या अंगाला, दाखवणाऱ्या दोघींची नावं. एक चूक होती. तिनं गुलाबच्या बापाचं नाव घातलं नव्हतं. तिथेच उभी राहून मी ते लिहायला लावलं. खूण मारणारा, भिकू. मग वही गुलाबला दिली. तीही वाचत बसली, माझ्यापेक्षा सावकाश.